मागे शेतकरी, पुढे अधिकारी

आमच्या नोएडाच्या सोसायटीत गाडी घेणं सोपं, पार्किंग मिळवणं अवघड आणि गाडीवरचे सल्ले टाळणं अशक्य. तळमजल्यावरच्या भाईसाहेबांनी थार घेतली तेव्हा काजूकतलीच्या डब्यासोबत सल्ल्यांची फेरीही घरोघर झाली. थार म्हटलं की लोक फोर बाय फोर समजतात. पण 2023 च्या जानेवारीत तिची रिअर व्हील ड्राइव्ह आवृत्तीही आली, त्यात इंजिनाचा जोर फक्त मागच्या दोन चाकांना मिळतो. भाईसाहेबांची तीच. मागचा ‘4x4’ हा स्टिकर त्यांनी करोल बागेतून वेगळा आणून लावला होता.

हिवाळ्यात मनालीला जायचं ठरलं. बर्फ पडला की तिथे सोलंगच्या वाटेवर पोलीस बऱ्याचदा फोर बाय फोर गाड्याच पुढे सोडतात. पोलिसांची सोय स्टिकरने केली होती, बर्फाची राहिली होती. ती काश्मिरी गेटच्या बाजारात झाली. मागच्या दोन चाकांना चिखलातले एम टी टायर, पुढे कंपनीचे साधेच. “जोर पीछे लगता है, तो पकड़ भी पीछे चाहिए. आगे वाले तो बस साथ चल रहे हैं,” असं भाईसाहेबांनी सांगितलं आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनी मान डोलावली. मी वाकून पाहिलं. रबराच्या दोन ढेकळांमधल्या खाचेत बोट नख बुडेपर्यंत गेलं आणि आत अडकलेला खडा हाती लागला. पुढच्या टायरवर मात्र सरकारी फायलीसारखी सरळ, नेमस्त नक्षी.

भाईसाहेबांच्या तर्कात लगेच खोट काढता येत नाही, कारण त्याची सुरुवात खरी आहे. गाडी पुढे ढकलायचं काम जे टायर करतात, त्यांची पकड वाढली की गाडी जागची लवकर हलते. शिवाय फोर बाय फोरमध्ये पुढच्या-मागच्या टायरांचा घेर वेगळा झाला तर दोन्ही आसांना जोडणारी यंत्रणा कण्हायला लागते. इथे तशी जोडणीच नाही, त्यामुळे गिअरबॉक्सही तक्रार करत नाही.

आणि या युक्तीला फार प्रतिष्ठित पूर्वज आहे. तो दिल्लीच्या वेशीवर, फरिदाबादला, साठच्या दशकापासून एस्कॉर्ट्सच्या कारखान्यातून बाहेर पडतो आहे: टू व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर. त्याचे पुढचे टायर बारके, त्यांच्यावर चाकाभोवती गोल फिरणाऱ्या कडा. काम एकच, मऊ मातीत आडवं न घसरता वळणं. मागचे अवाढव्य, त्यांच्यावर तिरप्या जाड पट्ट्या, माती पकडून ओढायला. तरीही वजन कमी पडलं तर मागच्या टायरमध्ये पाऊण भागापर्यंत पाणी भरतात. 2021 च्या प्रजासत्ताक दिनी शेतकरी आंदोलनातले असे ट्रॅक्टर थेट आयटीओपर्यंत आले होते. मिश्र टायरांचं तेवढं मोठं संमेलन दिल्लीने त्याआधी पाहिलं नसावं.

फरक इतकाच की ट्रॅक्टरचे पुढचे टायर वळण्यासाठीच घडवलेले असतात, ‘साथ चलायला’ नव्हे. आणि तो शेतात सावकाश चालतो. भाईसाहेब यमुना एक्सप्रेसवेवर जातात.

दिल्लीत पुढे निघण्याला मान आहे. थांबणं आणि वळणं ही इतरांची जबाबदारी. टायरांना मात्र तिन्ही कामं करावी लागतात. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे येतो आणि थांबवण्याचं जास्त काम पुढच्या चाकांवर पडतं. म्हणजे बर्फावर मागचे टायर ढकलणार आणि पुढचे वळणार नाहीत. उलट ओल्या डांबरावर एम टीची ढेकळं रस्त्याला कमी टेकतात, त्यामुळे फ्लायओव्हरवर पुढचे वळणार आणि मागचे भलतीकडे निघणार. आणि दिल्लीत बर्फ नाही, पाऊस पडतो. 28 जून 2024 ला सफदरजंगला 24 तासांत 228.1 मिलिमीटर पडला होता.

मनालीचा निकाल टायरांपर्यंत गेलाच नाही. नाक्यावरच्या हवालदाराने स्टिकरकडे पाहिलंही नाही. खिडकीतून आत वाकून गिअरशेजारचा दुसरा दांडा शोधला. तिथे किरकोळ सामान ठेवायचा खण होता आणि खणात काजूकतली. भाईसाहेब सोलंगला भाड्याच्या गाडीने गेले.

माझी हॅचबॅक पुढच्या चाकांवर चालते, आणि तिचे दोन टायर गुळगुळीत झाले तेव्हा टायरवाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांनी नवे पुढे लावा म्हणून सांगितलं: इंजिन पुढे आहे ना! टायर कंपन्या नेमकं उलट सांगतात. पुढचे टायर घसरले तर गाडी सरळ जाते, ॲक्सिलरेटर सोडला की बहुधा सावरते. मागचे घसरले तर गाडी गर्रकन फिरते आणि आपल्याला कळेपर्यंत तोंड आलेल्या दिशेला झालेलं असतं.

तेव्हा चारही एकसारखे घ्या. दोनच परवडत असतील तर एका आसावर जोडी एकाच जातीची आणि मापाची ठेवा, नवी जोडी मागे लावा. नक्षी 1.6 मिलिमीटरच्या खाली गेली की कारचा टायर कायद्याने बाद. आणि पैसे देण्याआधी टायरच्या कुशीवरचे चार आकडे वाचा: पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष.