आधी दोर, मग सुकाणू

बढतीविषयीचं शहाणपण ऐकायचं तर मोऱ्याहून सुटणाऱ्या सकाळच्या लाँचइतकी चांगली जागा नव्हती. मोरा म्हणजे उरणचं बंदर. जुन्या गॅझेटियरात उरण पनवेल तालुक्यात मोडतं. पुढे जिल्हा ठाण्याचा कुलाबा झाला, कुलाब्याचा रायगड झाला. मोऱ्याचा चाकरमानी मात्र कुठल्याही जिल्ह्यात असला तरी मुंबईला कामावर निघालेलाच. भाऊच्या धक्क्यापर्यंत तासाभराचा प्रवास. साहेबाचे दोष काढायला तासभर पुरतो; गुण सांगायला उतरताना दोन मिनिटं मिळत, तीही फळीवर तोल सांभाळण्यात जात.

लाँचमध्ये दोन पंथ होते. एक ढोलपंथ. त्यांचं म्हणणं असं की, आपलं काम आपणच वाजवून सांगावं, नाहीतर साहेबाला कळणार कसं? दुसऱ्या पंथात माणसं कमी, आणि बरीचशी निवृत्तीला टेकलेली. ती म्हणत, साहेबाला ज्या कामाचा कंटाळा आहे ते हळूच आपल्याकडे ओढून घ्यावं. शेजारच्या टेबलावरचा नवा पोरगा अडलाय, त्याला हात द्यावा. नाव त्याचं होऊ द्यावं. ढोलपंथी यावर हसत आणि विचारत, "काका, मग तुमचं काय झालं?" काका खिडकीबाहेर पाहत. प्रश्न रास्त होता, हे मान्य करावं लागेल.

मी मनातून दुसऱ्या पंथाचा. काकांकडे उत्तर नव्हतं, पण ते लाँचच्या नाळेवर उभं होतं. तिथे एक पोरगा दोराचं वेटोळं हातात घेऊन तयार असे. लाँच धक्क्याला लागली की पहिली उडी त्याची. दोर खुंट्याला अडकवायचा, लाँच ओढून धरायची, फळी टाकायची. मग आधी मावशीची टोपली, मग मावशी, मग तिच्या नातवाचं दप्तर, मग नातू, आणि सगळ्यांत शेवटी "मी उतरतो रे माझा मी" म्हणत दोन्ही हातांनी त्याचा खांदा धरणारे ढोलपंथी. त्याचं नाव कुणालाच ठाऊक नसे. "ए खलाशी" एवढ्यावर भागायचं.

या खलाशाला काय काय कळत असे याची यादी काढली तर सुकाणूवर बसलेल्या सारंगाच्या यादीशी बरीच जुळेल. कुठल्या तिथीला पाणी किती उतरणार, वारा कुठून आला की लाँच धक्क्याला घासते, इंजिनचा आवाज कधी बदलला. मोऱ्याला तर हे कळावंच लागतं, कारण इथे गाळ फार. ओहोटीला पाणी इतकं उतरतं की लाँच रुतते आणि फेऱ्या काही तास बंद ठेवाव्या लागतात. तेव्हा धक्क्यावर अडकलेल्या चाकरमान्यांपुढे बढती, पगारवाढ, सगळं भरतीच्या हवाली. सारंगाचं प्रमाणपत्र हवं तर आधी डेकवर नोकरी केल्याचा दाखला लागतो, ही गोष्ट मला फार आवडते. दुसऱ्याची लाँच नीट लागावी म्हणून दोर धरत उभं राहण्यात गेलेली वर्षं सरकार इथे शिक्षणात धरतं. आमच्या कचेऱ्यांत असा नियम असता तर कित्येक केबिनी रिकाम्या पडल्या असत्या.

मोऱ्यासमोरच्या खाडीत १९८९ पासून न्हावा-शेवा बंदराची अजस्र कंटेनर जहाजं येतात. तिथेही हाच प्रकार. पायलट दोराच्या शिडीने जहाजावर चढतो, वाट दाखवतो आणि काम झालं की उतरून जातो. कप्तान कप्तानच राहतो.

पण दोर धरणाऱ्याच्या हाती पुढे सुकाणू येतं का, हा काकांना विचारलेला प्रश्न उरतोच. त्यासाठी मला कोल्हापूरला जावं लागतं. बाबूराव पेंटरांनी स्वदेशी कॅमेरा बनवायला घेतला, तेव्हा त्यांच्या हाताखाली खटपट करणारे होते विष्णुपंत दामले. सोबत फत्तेलाल. पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पुढे शांताराम वणकुद्रे नावाचा तरुण आला आणि पडेल ते काम करू लागला. अशा ठिकाणी 'हे माझं काम नाही' म्हणणारा घरी जातो, आणि म्हणत नाही तो धंद्याच्या सगळ्या खोल्या फिरून येतो. १९२९ मध्ये हीच मंडळी बाहेर पडली आणि त्यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. शांतारामबापू दिग्दर्शक झाले. दामले ध्वनीच्या मागे, फत्तेलाल नेपथ्याच्या मागे. म्हणजे पुन्हा दुसऱ्याचा सिनेमा उभा करण्यात मग्न. आणि १९३६ मध्ये या दोन अबोल माणसांनी 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला, जो दुसऱ्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात जगातल्या निवडक चित्रपटांत गणला गेला. कॅमेऱ्याच्या कानशी-हातोडीपासून व्हेनिसपर्यंत दामल्यांची जवळजवळ वीस वर्षं गेली. ढोलपंथाला हा हिशेब परवडणारा नाही, मला कल्पना आहे.

तिकडे कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या घरी गाणं शिकायला राहिलेले तरुण भीमसेन जोशी पाण्याच्या घागरी वाहत होते. गुरू गेल्यावर १९५३ पासून पुण्यात गुरूच्या नावाने महोत्सव सुरू झाला. तो इतकी वर्षं नेटाने चालवणाऱ्या शिष्याचं नाव आता गुरूच्या नावाला जोडून घेतलं जातं. शिष्याने ते स्वतः जोडलं नव्हतं.

आता दुसऱ्या पंथातल्या भोंदूंबद्दलही बोलायला हवं, कारण त्यांची संख्या वाढते आहे. हे लोक मदत करतात, पण ईमेलच्या सीसीमध्ये सगळ्या खात्याला ठेवून. "मी काहीच केलं नाही हो" हे वाक्य ते अशा सुरात म्हणतात की समोरच्याने किमान तीनदा नाकारावं. त्यापेक्षा ढोल बरा. निदान तो ढोल असल्याचं लपवत नाही. दुसरी गोष्ट याहून कठीण आहे. काही साहेबांना दोर धरणारा आयता मिळाला की ते त्याला जन्मभर धक्क्यावरच उभा ठेवतात. पेंटरांकडे कॅमेरा शिकायला मिळत होता, कुंदगोळला गाणं कानावर पडत होतं. जिथे नुसती घागरच आहे, गाणं नाही, तिथे पाणी भरत राहणं याला मी नम्रता म्हणणार नाही. काकांचं बहुधा तेच झालं असावं. सगळ्यांनाच तुकाराम सापडत नाही.

एवढी बडबड होईपर्यंत भाऊचा धक्का येतो. हे भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य. पाठारे प्रभू, मुंबईतल्या कुलाब्याच्या तोफांच्या कारखान्यात कारकून. लोक त्यांना भाऊ रसूल म्हणत. त्या काळी मुंबईला पडावातून येणाऱ्याला किनाऱ्यावर उतरायला धड जागा नव्हती. चिखलपाण्यातून चालत जावं किंवा कुणाच्या खांद्यावर बसून जावं. भाऊंनी खटपट करून १८४१ च्या सुमारास धक्का बांधला. येणाऱ्या-जाणाऱ्याला कोरड्या पायांनी उतरता यावं, एवढीच त्या कामाची मिजास. अधिकृत नाव ठेवायची वेळ आली तेव्हा कारकुनाचं नाव कोण ठेवतो? बंदराला गव्हर्नर कर्नाकसाहेबांचं नाव मिळालं. लोकांनी ते ऐकून घेतलं आणि आपलं भाऊचा धक्का म्हणणं चालू ठेवलं. पुढे प्रवासी बोटींची जागा उत्तरेला सरकली, तिचं कागदोपत्री नाव फेरी व्हार्फ झालं, तर लोकांनी भाऊंना उचलून तिकडेही नेलं.

मोऱ्याची गर्दी आता थोडी पांगली आहे. १२ जानेवारी २०२४ ला लोकल उरणपर्यंत आली, अटल सेतूचंही त्याच दिवशी उद्घाटन झालं, आणि दोन्ही पंथांतले बरेच जण तिकडे गेले. लोकलला भरती-ओहोटीची फिकीर नाही. कर्नाक बंदराजवळ गव्हर्नरसाहेबांच्या नावाचा जो पूल होता तो पाडून नवा बांधला, आणि २०२५ च्या जुलैत त्याचं नाव सिंदूर पूल झालं. मोऱ्याची लाँच मात्र पाणी असेल तेव्हा अजूनही भाऊच्या धक्क्यालाच जाते.