मी बाबाला सांगून ठिवलंय

आपली काळजी आपल्याआधी देवापर्यंत पोचवणारा एक माणूस तुमच्याही गल्लीत असेल. आमच्या पाथरीत हे काम मामा करतात, आणि तेही कुणी न सांगता. मोंढ्यात सोयाबीनचा भाव ऐकून तुम्ही कपाळाला हात लावावा, की मागून आवाज आलाच म्हणून समजा, "काहून घाबरायलास? मी बाबाला सांगून ठिवलंय!"

बाबा म्हणजे साईबाबा. जगासाठी ते शिर्डीचे. मामांसाठी मात्र आपल्या गावचं पोरगं, बाहेर गेलं आणि नाव काढलं. बाबांचं जन्मगाव, आईबाप कुणालाच ठाऊक नाहीत, असं हेमाडपंतांनी साईसच्चरितात म्हटलंय, हे मी एकदा मामांना सांगून बघितलं. "हेमाडपंत मुंबईचे. त्यांना पाथरीचं काय माहीत?" विषय संपला. शिर्डीच्या भक्तांनी रांगेत उभं राहावं. पाथरीकराला गावकीचा वशिला आहे, यावर मामा ठाम आहेत.

वशिल्याचा निकाल मात्र बघण्यासारखा असतो. शेजारच्या पोराची तलाठ्याची परीक्षा होती. मामांनी बाबाला सांगून ठेवलं. पोरगं नापास झालं. मामा पेढे घेऊन हजर! "वाचलास लेका. तलाठी झाला असतास, तर दोन वर्षांत निलंबित झाला असतास." जायकवाडीच्या डाव्या कालव्याला पाळी सुटावी म्हणून सांगून ठेवलं, तर पाळी राहिली बाजूला आणि अवकाळी पावसानं फुटलेला कापूस भिजवला. शेतकरी चिडून दारात आला. मामा शांत. "पाणीच मागितलं होतं ना? कुठून पाहिजे ते सांगायचं माझ्याकडूनच राहिलं." पीक विम्याचे पैसे रखडले तेव्हा तर त्यांना उत्तर शोधावंच लागलं नाही. श्रद्धा झाली, आता सबुरी!

जानेवारी 2020 मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पाथरीच्या विकासासाठी शंभर कोटींची घोषणा केली. पाथरीला बाबांचं जन्मस्थान म्हटलं म्हणून 19 तारखेला शिर्डी बंद झाली. इकडं आमचं गाव चिडलं, घोषणा झाल्या, चॅनलवाले आले. मामांचं निराळंच. "पाथरीवरून निजामशाही आणि इमादशाहीसुद्धा भांडल्या. आपल्या गावाला सवय आहे. मी बाबाला सांगून ठिवलंय, दोन्हीकडच्यांना अक्कल दे." ही मागणी अजून प्रलंबित दिसते.

या माणसाचा मला मनापासून वैताग यायचा. देव पावला तरी मामांमुळे, नाही पावला तरी देवाचं बरोबर! असल्या खात्यात तोटा येणार कसा?

पण बारकाईनं बघितलं की वेगळीच गोष्ट दिसते. नापास झालेल्या त्या पोराला परभणीच्या एका दुकानात चिकटवलं कुणी? मामांनी. विम्याच्या कागदांची पिशवी घेऊन त्या शेतकऱ्याबरोबर खिडक्या-खिडक्यांवर उभं राहिलं कोण? मामाच. कुणाच्या पोरीची पुण्यातली मुलाखत असली, की बाबाला सांगून झाल्यावर मामा पहाटे स्कूटर काढतात, तिला मानवत रोड स्टेशनवर गाडीत बसवून देतात, आणि तिला नोकरी लागली की म्हणतात, "बघ, ऐकलं की नाही बाबानं?" बाबा दिवसभर दक्षिणा मागायचे आणि संध्याकाळपर्यंत वाटून मोकळे व्हायचे, असं सांगतात. मामांचंही तसंच. श्रेय येतं ते सगळं तिकडं, हातात उरतो पेट्रोलचा खर्च.

परवा त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. पहिल्यांदाच मामा घाबरलेले दिसले. मी म्हटलं, "बाबाला सांगून ठेवलं असेलच की?"

"स्वतःसाठी वशिला लावू नये," मामा म्हणाले. "गावच्या माणसाला अवघडल्यासारखं होतं."

म्हणजे इतकी वर्षं अख्ख्या पाथरीचं सांगणाऱ्या या माणसाचं कुणी सांगितलेलंच नाही! तेव्हा येत्या गुरुवारी ते काम मी करणार आहे. मी मूळचा जालन्याचा, मला गावकी नाही. रांगेतच उभं राहीन. आणि डोळा नीट झाला, की मामांना मागून आवाज देईन. श्रेय कसं घ्यायचं, हे एकदा त्यांनाही कळू द्या.