ओघळाची साधना

१९६७ची शेव्हरोले कॉर्व्हेट मोटार घरच्या गॅरेजात पुन्हा उभी करणाऱ्या अमेरिकन गृहस्थांना साष्टांग दंडवत! ती जिथे बनली त्या सेंट लुइसच्या कारखान्यात घाईत राहिलेला रंगाचा ओघळ, तपासनिसाची खडूची खूण, भलतीकडे उडालेला फवारा, सारे पुराव्यानिशी जसेच्या तसे उमटवायचे. काम कारखान्याहून सुबक झाले, तर अशा गाड्यांच्या स्पर्धेत परीक्षक गुण कापतात. रास्तच आहे, सफाई ही शुद्ध बनवेगिरी. (आमचे रंगारी हे कौशल्य विनाप्रशिक्षण घरपोच देतात, असो.)

आता एकच उणीव उरते. रंगकाम शुक्रवारी संध्याकाळी, जांभया देत, भोंग्याकडे कान लावून व्हावे आणि मागे ओरडायला एक मुकादम भाड्याने ठेवावा. मूळ कामगाराला ओघळाबद्दल बोलणी मिळाली असतील. गृहस्थांना चषक मिळतो. तो चषक घेऊन ते घरी परततात, ट्रकवर गाडी लादून. चालवली तर अस्सलपणा झिजतो.