चुना आमचा, उजेड त्यांचा

ऑफिसात हल्ली कुणी कुणाचं श्रेय लाटत नाही. ते जुन्या काळी व्हायचं. हल्ली तुम्ही रात्र जागून केलेला तक्ता सहकारी साहेबांपुढे आपला म्हणून मांडतो आणि नंतर कॉफीच्या मशीनपाशी हसत म्हणतो, "सॉरी हं, तुझं थंडर चोरलं." म्हणजे माफी मिळाली, वर इंग्रजीही कानावर पडलं. बढती तेवढी त्याला मिळते.

या थंडरचा मूळ मालक जॉन डेनिस. लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात १७०९ साली त्याचं 'अ‍ॅपियस अँड व्हर्जिनिया' हे नाटक लागलं. ढगांचा गडगडाट काढण्याची नवी युक्ती त्याने त्यासाठी शोधली होती. नाटक पडलं. थिएटरवाल्यांनी ते उतरवलं, गडगडाट मात्र ठेवून घेतला आणि पुढे 'मॅकबेथ'मध्ये वाजवला. प्रेक्षकांत बसलेला डेनिस म्हणे उभा राहून ओरडला, की माझं नाटक चालू देत नाहीत आणि माझा गडगडाट चोरतात! भरपाईदाखल इंग्रजीने त्याच्या तक्रारीचा वाक्प्रचार केला. तो आता चोरच जास्त वापरतात.

लाइमलाइटचीही तीच गत. यातलं लाइम म्हणजे लिंबू नव्हे, चुना. चुन्याचा खडा कडक ज्योतीत तापवला की डोळे दिपवणारा पांढरा उजेड पडतो. थॉमस ड्रमंड हा लष्करी इंजिनिअर १८२५ साली आयर्लंडच्या मोजणीसाठी हे सामान घेऊन डोंगरावर गेला. तो उजेड शंभर किलोमीटरपलीकडच्या दुसऱ्या डोंगरावरून दिसला. १८३७ साली तोच उजेड कव्हेंट गार्डनच्या रंगमंचावर आला. तेव्हापासून लाइमलाइटमध्ये नट असतात. मोजणीवाल्याचं नाव कुणी काढत नाही. उजेड पडला नटांवर, चुना लागला ड्रमंडला.

लक्ष न देणाऱ्यांची तर आणखी चैन. १८०१ साली कोपनहेगनच्या लढाईत वरिष्ठ अ‍ॅडमिरल हाइड पार्करने माघारीचं निशाण चढवलं. त्याच्या हाताखालच्या नेल्सनने, असं सांगतात, दुर्बीण आपल्या अधू डोळ्याला लावली आणि मला निशाण दिसत नाही म्हणाला. लढाई जिंकली. नेल्सन व्हायकाउंट झाला, पार्करला माघारी बोलावून त्याची जागाही नेल्सनलाच दिली. आम्ही रविवारी दुपारी साहेबांच्या मेसेजकडे कानाडोळा केला, तर दोन निळ्या खुणा आमच्याविरुद्ध साक्षीला उभ्या राहतात.

कोपऱ्यावरच्या उडप्याच्या हॉटेलातल्या वेटरला तर दुर्बीणही लागत नाही. दोन्ही डोळे शाबूत असताना तो शेजारचं टेबल पुसतो, पंख्याकडे बघतो, गल्ल्याकडे बघतो. आपला वर केलेला हात सोडून त्याला सगळं दिसतं. चटणी मागावी तर सांबार संपेपर्यंत येत नाही. बिल मात्र बडीशेपेसकट न मागता येतं.

एकूण हिशेब असा, की शोधणारा डोंगरावर, मिरवणारा रंगमंचावर आणि न बघणारा बढतीवर. यात लवकर काही बदल होईल असं दिसत नाही. तेव्हा होतकरूंना एवढंच सुचवतो: नवं काही शोधलंत तर जमेल तितकं रंगमंचाजवळ शोधा आणि खाली सही करा, तारखेसकट.