फुकटची तडतड : निदान आणि बंदोबस्त

हाय-गेन गिटारच्या आवाजात दोन प्रकारची घाण असते. एक विकत घेतलेली, दुसरी फुकट आलेली. विकतच्या घाणीला डिस्टॉर्शन म्हणतात. जाणकार मंडळी तिच्यावर तासन्‌तास बोलतात, तिला ‘क्रीमी’, ‘टाइट’ अशी लाडाची विशेषणं लावतात. फुकटची घाण म्हणजे तडतड. तिच्यावरही ती तासन्‌तास बोलतात, पण ती विशेषणं छापण्याजोगी नसतात. पहिलीच्या केसालाही धक्का न लावता दुसरीला घराबाहेर काढणे हा प्रस्तुत मार्गदर्शनाचा हेतू आहे.

आधी पूर्वाचार्यांचं स्मरण. लिंक रे यांनी १९५८ च्या ‘रंबल’साठी अँपच्या स्पीकरला पेन्सिलीने भोकं पाडली. नॅशव्हिलमध्ये मार्टी रॉबिन्स यांच्या ‘डोन्ट वरी’च्या ध्वनिमुद्रणात ग्रेडी मार्टिन यांच्या बेसचा आवाज कन्सोलच्या बिघडलेल्या चॅनेलमधून फाटून आला. १९६१ मध्ये ते गाणं गाजलं आणि पुढच्याच वर्षी त्या बिघाडाची नक्कल करणारी पेटी, मायस्ट्रो फझ-टोन, बाजारात आली. ‘यू रिअली गॉट मी’साठी किंक्सच्या डेव्ह डेव्हिस यांनी १९६४ मध्ये स्पीकरचा पडदा ब्लेडने चिरला. १९९८ मध्ये लाइन ६ ने पॉड काढला, तोवर या सगळ्या मोडतोडीचं गणित एका चिपमध्ये मावायला लागलं होतं. आता तेच गणित डोंबिवलीच्या वन बीएचकेत लॅपटॉपवर चालतं. ज्या सॉफ्टवेअरचं कामच आवाज मोडणं आहे ते आवाज मोडतंय, अशी आपली तक्रार असते. ती रास्त आहे. मोडण्यालाही शिस्त लागते.

पूर्वतयारी म्हणून ब्राउझरमधली खरेदीची टॅब बंद करावी. तडतड ऐकताच नवा ऑडिओ इंटरफेस घेण्याची तीव्र इच्छा होते, ती दाबावी. घरी सांगायला ‘जुना गेला बहुतेक’ हे वाक्य तोंडात तयार असतं, तेही गिळावं.

आता मुख्य विधी. गिटार इंटरफेसमध्ये लावून अँपचं प्लगइन बंद ठेवावं आणि नुसता कोरा सिग्नल रेकॉर्ड करून ऐकावा. जगातलं बहुतांश निदान या एका कृतीत होतं आणि नेमकी हीच कृती कोणी करत नाही, कारण कोऱ्या सिग्नलमध्ये स्वतःचं वादन उघडं पडतं. गेनखाली झाकलेल्या अर्धवट दाबलेल्या तारा, उशिरा पडलेला पिक, सगळं स्वच्छ ऐकू येतं. मन घट्ट करावं. कोऱ्या रेकॉर्डिंगमध्येच तडतड असेल तर दोष गिटार, केबल, इंटरफेस किंवा विजेच्या बाजूला आहे, आणि प्लगइनची जाहीर माफी मागावी. कोरं रेकॉर्डिंग स्वच्छ असेल तर त्यावर प्लगइन लावून गाणं फाइलमध्ये एक्स्पोर्ट करावं. वाजवताना तडतड होती पण फाइलमध्ये नाही, तर दोष संगणकाच्या दमाचा. फाइलमध्येही असेल तर प्लगइनच्या सेटिंगमध्ये शोधावं.

कोऱ्या सिग्नलमध्ये सापडणारा सर्वांत मोठा आरोपी म्हणजे इंटरफेसचं गेनचं बटण. डिजिटल जगात शून्य डेसिबल हे छत आहे. त्याच्या वर काही नसतं. तारेवर जोरात हात पडला आणि सिग्नल छताला लागला की माथा सपाट कापला जातो आणि लाल दिवा लागतो. दमदार हंबकर पिकअप असलेल्या गिटारीवर हे हमखास घडतं. यावर वादकाचा ठरलेला युक्तिवाद असा: “पुढे अँप तरी काय करणार आहे? तोही कापणारच ना!” युक्तिवाद फर्डा आहे, पण चुकीचा. अँप कापण्याआधी खालचे गढूळ स्वर गाळतो, मग टप्प्याटप्प्याने, कडा गोल ठेवून कापतो, आणि शेवटी स्पीकर वरचे टोचरे स्वर खातो. इंटरफेस मात्र सगळ्यांच्या आधी, काहीही न गाळता कापतो आणि ते तुकडे पुढे अँपच्या स्वाधीन करतो. अँपच्या गेनने ६० डेसिबल वाढवलं म्हणजे व्होल्टेज हजारपट झालं. तडतडीलाही हजारपट मानधन मिळतं. तेव्हा सर्वांत जोरात वाजवूनही मीटर उणे १२ च्या आसपास राहील इतकं बटण खाली घ्यावं. ते तळाशी टेकलं तरी अपमान मानू नये. इनपुट मात्र ‘इन्स्ट्रुमेंट’वरच हवा.

संगणकाच्या दमाची गोष्ट बफरशी बांधलेली आहे. सेकंदाला ४८,००० नमुने घेतले आणि बफर ६४ चा ठेवला, तर संगणकाला दर १.३३ मिलिसेकंदांत अँप, कॅबिनेट, रिव्हर्ब असं सगळं गणित उरकून द्यावं लागतं. एकदा जरी उशीर झाला तरी आवाजात खिंडार पडतं, तीच तडतड. उपाय सोपा आहे, बफर १२८ किंवा २५६ करावा. पण वादकांमध्ये बफरचा आकडा प्रतिष्ठेचा असतो, ३२ वर वाजवणारा ६४ वाल्याकडे सहानुभूतीने पाहतो. त्यांच्या माहितीसाठी, आवाजाला हवेतून एक मीटर जायला जवळपास ३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे खऱ्या अँपपासून चार मीटरवर उभं राहून वाजवणारा सुमारे १२ मिलिसेकंद उशिराच ऐकतो आणि तरी तालात वाजवतो. २५६ चा बफर जाता-येता मिळून त्याच घरात पडतो. शिवाय विंडोजवर असाल तर इंटरफेसचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर वापरावा आणि वाजवताना वाय-फाय बंद करून पाहावं. काही लॅपटॉपमध्ये त्याचा ड्रायव्हर मध्येच प्रोसेसर अडवून बसतो.

फाइलमध्येही उरलेल्या घाणीची परीक्षा मजेशीर आहे. वरच्या पट्टीत एक सूर धरून तार वर खेचावी. सूर वर चढत असताना मागे एखादी भुताटकीची शिट्टी खाली उतरताना ऐकू आली, तर ती एलियासिंग. जास्त गेनमुळे इतके वरचे उपस्वर तयार होतात की ते नमुन्यांच्या दराच्या निम्म्या मर्यादेत, इथे २४,००० हर्ट्झमध्ये, मावत नाहीत आणि दुमडून खाली येतात. प्लगइनमध्ये ओव्हरसॅम्पलिंग चारपट करावं. आठपटही मिळतं, पण मग प्रोसेसर धापा टाकतो आणि बफरची तडतड परत येते. सूर विझताना शेवटी फडफड होत असेल तर नॉइज गेटचा उंबरठा थोडा खाली आणावा.

लॅपटॉपचा चार्जर काढताच गुरगुर थांबली, तर भानगड अर्थिंगची आहे. इथे थट्टा बाजूला ठेवून सांगतो, गुरगुर घालवण्यासाठी प्लगची अर्थ पिन तोडू नका किंवा टेप लावून झाकू नका. जीव जाऊ शकतो. इलेक्ट्रिशियनला बोलवा, त्याला गिटार ऐकवू नका, नुसता सॉकेट दाखवा.

अ‍ॅक्टिव्ह पिकअप असतील तर आत ९ व्होल्टची बॅटरी असते. जॅक खोचलेला राहिला की ती चालूच राहते, आणि मरायला टेकली की आवाज फाटतो. पावसाळ्यात जॅक आणि व्हॉल्यूमच्या बटणाला गंज धरतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून बटण दोन्हीकडे भरपूर फिरवावं. कोरड्या हवेत प्लॅस्टिकच्या पिकगार्डवर हात घासला की स्थिर विजेची चटचट येते, तिच्यावर उपाय ओलसर फडकं.

इतकं झाल्यावर आवाज एकदाचा निर्मळ होतो, म्हणजे फक्त हवा तितकाच मळका उरतो. समाधानाने पहिला रिफ वाजवावा. स्वयंपाकघरातून आई विचारेल, “अजून नाही का रे झालं दुरुस्त?” यावर वाद घालू नये.

वरील सर्व उपाय करण्याआधी कृपया केबल बदलून पाहा. हे इतक्या शेवटी सांगितलं, कारण सुरुवातीलाच सांगितलं असतं तर निम्म्याहून अधिक वाचकांना पुढचं वाचायची गरजच पडली नसती.