दुसरं टोक

वायरवाल्या हेडफोनची वकिली करायला मी बसलेलो नाही. त्याचा गुंता सोडवेपर्यंत निम्मं गाणं उरकायचं आणि खुर्चीवरून उठलं की मानेला हिसका बसायचा. पण त्याचं दुसरं टोक दिसायचं. कुठं खुपसलंय ते डोळ्यांना कळायचं. ब्लूटूथ हेडफोनमधली बाई नुसतं "कनेक्टेड" म्हणते. कुणाशी, ते तिच्या पोटात.

करामत मोठी आहे, नाही कशाला म्हणा. 2.4 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातल्या 79 मार्गिकांवर हे तंत्र सेकंदाला 1600 उड्या मारतं. एकीवर अडथळा आला तर दुसरीवर निभावतं. अशाच उड्यांच्या युक्तीचं पेटंट हॉलिवूडची नटी हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना 1942 साली मिळालं होतं, शत्रूला टॉर्पेडोचे संदेश बिघडवता येऊ नयेत म्हणून. शत्रूचं ठीक आहे हो. आमचा मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात चालतो, त्यामुळे आमटी गरम होईस्तोवर गवई अडखळत गातात.

खरी गंमत माइकची. किशोरी आमोणकरांचा भूप ऐकत असावं, तेवढ्यात लॅपटॉपवर मीटिंग उघडावी, आणि भूप एकदम एसटी स्टँडवरच्या घोषणेसारखा येऊ लागावा. हेडफोन बिघडलेला नसतो. नुसतं ऐकायचं असतं तेव्हा तो दोन्ही कानांना भरघोस आवाज देतो. त्याचा माइक चालू झाला की मात्र, निदान बहुतेक हेडफोनांत, येणारा आणि जाणारा आवाज एकाच अरुंद वाटेनं न्यावा लागतो. मग स्टिरिओ गेला, आणि सेकंदाला 44,100 नमुन्यांचं गाणं 16,000 वर, जुन्या हेडफोनांत तर 8,000 वर आलं.

यावर तोडगा आहे: सेटिंगमध्ये माइक लॅपटॉपचाच निवडायचा आणि हेडफोनकडे फक्त ऐकण्याचं काम ठेवायचं. मी तसं केलं. साहेबांचा आवाज असा खणखणीत येऊ लागला, की इतकी काही गरज नव्हती.

पण आता हेडफोनच्या लेखी साहेब म्हणजे निव्वळ गाणं! त्यातून आमचा हेडफोन लॅपटॉप आणि मोबाइल या दोघांशी एकाच वेळी संधान बांधणारा. एकीकडे नवं गाणं लागलं की चालू गाण्याला सोडचिठ्ठी. मोबाइल हॉलमध्ये आईच्या हातात. साहेब तिमाहीच्या आकड्यांवर आलेले, आणि माझ्या कानात एक बाई मिसळीचा कट शिकवू लागल्या.

"अरे, तुझ्या फोनला आवाजच नाही!" हॉलमधून आई ओरडली आणि तिनं आवाज वाढवला. बाई कानात गरजल्या. "अजूनही नाही!" आईनं आणखी वाढवला.

पडद्यावर साहेबांचे ओठ थांबले. चौकोना-चौकोनांतून सगळे माझ्याकडे बघू लागले. म्हणजे प्रश्न मला होता. कानात त्या वेळी जे चाललं होतं तेच तोंडून गेलं, "मंद आचेवर राहू द्या. घाई केली तर तर्री सुटत नाही."

साहेब क्षणभर विचारात पडले, मग त्यांनी मान डोलावली. पाठोपाठ सगळ्यांनी डोलावल्या. कोणीतरी भराभर लिहूनही घेतलं. आम्ही नक्की काय पुढं ढकललं, ते इतिवृत्त आल्यावर कळेल.