वायरवाले दाजी

प्रत्येक घराण्यात असा एक दाजी असतो. कुणी नवं घर घेतल्याची बातमी आली की बायका ओटा केवढा आहे ते विचारतात, पुरुष हप्ता किती बसतो ते विचारतात आणि दाजी विचारतात, "प्लास्टर झालं का?" झालं असेल तर ते मातीला आल्यासारखा चेहरा करतात. झालं नसेल तर दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं हजर.

या माणसाचा कॉम्प्युटरशी पोटापाण्याचा संबंध असतोच असं नाही. कुणी दूध संघात हिशेब लिहितो, कुणी विम्याचे हप्ते गोळा करतो. आमचे दाजी साताऱ्यातल्या एका हायस्कुलात भूमिती शिकवून निवृत्त झाले. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं देशात इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं. ते दाजींपर्यंत पोचायला आणखी काही वर्षं गेली, पण पोचलं ते थेट अंगातच आलं. आणि सातारा-सांगलीकडं बहिणीच्या नवऱ्याला 'नको' म्हणायची सोय नाही. जावई माणूस. भिंत फोडतो म्हणाला तर सासुरवाडीनं छिन्नी आणून द्यायची.

दाजींच्या पिशवीत मोजायची टेप, क्रिम्पिंग टूल, टेस्टर, आलेखाची वही आणि मागच्या कुणाच्या तरी घरातून उरलेल्या वायरीचं वेटोळं असतं. वायरीला जॅक बसवताना ते डोळे अर्धे मिटून आठ तारांचे रंग पुटपुटतात: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. एकदा ते ऐकून शेजारच्या आजींनी चपला उंबऱ्याबाहेर काढल्या होत्या आणि प्रसादाला थांबल्या होत्या.

त्यांचं मुख्य प्रमेय एकच: "जे हलत नाही त्याला वायर, जे हलतं त्याला वाय-फाय." टीव्ही, कॉम्प्युटर, फाटकावरचा कॅमेरा हे जागचे हलत नाहीत. त्यांना वायर दिली की हवेतली गर्दी कमी होते आणि मोबाइलला वाट मोकळी मिळते. यात खोट काढायला जागा नाही. पण भूमितीचा मास्तर प्रमेयावर थांबत नाही, उपप्रमेयं काढतो. आमचे वडील जेवणाखेरीज आरामखुर्चीतून उठत नाहीत. धाकट्या भावाच्या नव्या घराच्या आराखड्यात दाजींनी त्यांच्या खुर्चीमागंही एक पॉइंट दाखवला. वडिलांनी चष्मा लावून कागद नीट बघितला आणि विचारलं, "ही मला कुठं जोडायची?"

ही निष्ठा पक्की केली साताऱ्याच्या चिमणपुरा पेठेतल्या आमच्या जुन्या घरानं. हात-दीड हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, आणि राउटर पुढच्या सोप्यात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी त्यातल्या त्यात चिवट. त्या धापा टाकत माजघरापर्यंत यायच्या. ५ गिगाहर्ट्झच्या वेगवान, पण पहिल्याच भिंतीवर कपाळ आपटून बसायच्या. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पुतणीची शाळा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर भरायची. चौथ्या पायरीवर बाई गोठायच्या, पाचवीवर शाळाच सुटायची. दाजींनी टेप लावून घराचा मध्यबिंदू काढला. तो नेमका देवघरात आला.

"देवाच्या डोक्यावर असला मिणमिणता डबा मी ठेवू देणार नाही," आई म्हणाली.

"मामी, निरांजनापेक्षा त्याचा उजेड कमी हाय."

"निरांजन मी विझवू शकते. हा रात्रभर डोळे मिचकावत बसणार."

तडजोड माजघरातल्या कोनाड्यावर झाली आणि तिथवर वायर तुळईवरून गेली. पुतणीला घरात कुठंही बसून शिकता येऊ लागलं. याबद्दल ती दाजींवर अजून नाराज आहे.

मग धाकट्या भावानं सांगलीला, विश्रामबागेच्या बाजूला, घर बांधायला काढलं. गवंड्याच्या आधी दाजी जागेवर. त्यांनी ना सिमेंट बघितलं ना विटा, शेजाऱ्याचं दार वाजवून विचारलं, "२०१९ ला पाणी कुठवर आलं होतं?" सांगलीत हा प्रश्न कुणाला विचित्र वाटत नाही. इथं पावसाळ्यात माणसं एकमेकांना रामराम घालण्याआधी आयर्विन पुलाचे फूट विचारतात. १९२९ सालचा हा पूल. त्याच्यापाशी ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. शेजारी म्हणाले, "आमच्या गल्लीत नाही आलं, त्या वळणापर्यंत होतं." दाजींनी वळणापर्यंतचं अंतर टेपनं मोजलं आणि निकाल दिला: जिथून घरभर वायरी फुटायच्या ती मुख्य पेटी वरच्या मजल्यावर, माळ्याच्या उंचीला. इन्व्हर्टरची जोडही तिथंच.

भावजय म्हणाली, "दाजी, पाणी एवढं वर चढल्यावर नेट कशाला लागतंय?"

"बोटवाल्याला लोकेशन पाठवायला."

यावर घरात कुणाकडंच उत्तर नव्हतं.

खरी लढाई वायरमनशी झाली. त्याचं म्हणणं सरळ होतं, "सर, विजेचा पाइप मोठाच हाय, दोन्ही वायरी आरामात बसत्यात." दाजींनी त्याला बसवून घेतलं. विजेच्या वायरीशेजारून डेटाची वायर नेली तर तिच्यात खरखर शिरते, शिवाय कुठं आवरण सोललं तर २३० व्होल्ट थेट कॉम्प्युटरच्या घरात. म्हणून पाइप वेगळा, दोन्हींत फूटभर अंतर, आणि एकमेकींना ओलांडायची वेळ आलीच तर काटकोनात. 'काटकोनात' म्हणताना त्यांचा आवाज भरून आला. आयुष्यभर फळ्यावर काढलेला काटकोन आता कुणाच्या तरी भिंतीत कायमचा बसणार होता. त्यांनी गवंड्याचा गुण्या मागून घेतला आणि प्रत्येक झिरीला लावून बघितला. संध्याकाळी वायरमननं भावाला बाजूला घेऊन विचारलं, "पाव्हणं मुक्कामाला किती दिस हायत?"

वायर खरेदीला मी बरोबर होतो. बाजारात स्वस्त वायरी मिळतात त्यांत पुष्कळदा ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. लांब पल्ल्याला त्या दगा देतात, वायरीतूनच कॅमेऱ्याला वीज द्यायची तर तापतात. दाजींनी खिशातून ब्लेड काढून दुकानदारासमोर तार खरवडली. आतून पांढरी निघाली. दुकानदार चिडला. दाजी शांतपणे म्हणाले, "ज्या गावात १८३२ पासून गाडगिळांची सराफी आहे, त्या गावात धातू कस लावल्याशिवाय घ्यायचा नसतो." त्यानं मुकाट्यानं आतलं बंडल काढलं.

वाय-फायचा डबा छताला टांगायच्या जागी भावजयीला झुंबर हवं होतं. झुंबर जिंकलं, डबा जिन्याच्या छताला गेला. तिथून तो दोन्ही मजल्यांना जास्त चांगला पुरतो, पण हे दाजींसमोर बोलायचं नसतं.

गृहप्रवेशाच्या आदल्या दिवशी फायबरवाला पोरगा आला. दाजींनी आराखडा उलगडला. पोरानं त्याच्याकडं ढुंकूनही बघितलं नाही. बाल्कनीतून फायबर आत घेतली, हॉलमध्ये टीव्हीशेजारी दोन स्क्रू मारले, डबा टांगला आणि म्हणाला, "झालं काका. हितं सही करा." मुख्य पेटी वर माळ्यापाशी, नेट खाली हॉलमध्ये. ताईनं डोळे मिटून घेतले. दाजींनी मात्र सही केली, चहा संपवला आणि पिशवी उघडली. प्रत्येक पॉइंटला त्यांनी एक नाही, दोन-दोन वायरी ओढल्या होत्या. या खर्चावरून भाऊ महिनाभर कुरकुरत होता. हॉलमधल्या एका वायरीनं नेट वर पेटीत चढवलं, दुसरीनं ते खाली टीव्हीला उतरवलं. जॅक बसवताना रंगांचं पुटपुटणं ऐकून या वेळी भावानंच चपला बाहेर काढल्या.

वास्तुशांतीला आलेल्या पाहुण्यांनी घराच्या फरश्या बघितल्या, झुंबर बघितलं आणि विचारलं, "पासवर्ड काय?" पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क दाजींनी आधीच काढलं होतं. पासवर्ड होता पायथागोरस, इंग्रजी स्पेलिंगमध्ये. हरिपूरच्या मावशींनी चारपाच वेळा प्रयत्न केला आणि स्वतःच्याच डेटावर भजन लावलं. दाजींच्या मते सुरक्षेची चाचणी यशस्वी झाली.

आज त्या घरातले निम्मे पॉइंट रिकामे आहेत. वडिलांच्या खुर्चीमागच्या पॉइंटवर कॅलेंडर लटकतंय. पण शेवटच्या खोलीतही नेट पहिल्या खोलीइतकंच चालतं, वीज गेली तरी चालतं, आणि या सगळ्याला झुंबरापेक्षा कमी पैसे लागले. झुंबराची किंमत भावजय सांगत नाही, दाजींनी ती दुकानात जाऊन विचारून आणली.

तेव्हा घर बांधायला काढलं असेल तर प्लास्टरच्या आधी प्रत्येक खोलीपर्यंत एक वेगळा पाइप टाका, वायर आत्ता नको असेल तर नुसती ओढायची दोरी सोडून ठेवा, आणि पेटी पुराच्या खुणेच्या वर बसवा. दाजींना कळवायची गरज नाही. त्यांना कळलेलं असतं.